बाराने भाग जाणारे दिवस

'अनुराधा' या दीर्घयानाच्या १६८७व्या दिवशी सुगंधा पालव शीतनिद्रेतून जागी झाली ती हसतच. शीतकुपीतून बाहेर येणारी माणसं सहसा हसत नाहीत. गुडघे आखडलेले असतात, जीभ लाकडासारखी झालेली असते आणि आपण कोण, कुठले हे आठवण्यातच पहिली पंधरा मिनिटं जातात. सुगंधाला मात्र सगळं लख्ख आठवत होतं. आज तिचा विसावा जागदिवस होता, आणि विसाव्या जागदिवशी सवलत मिळते.

प्रवास अठरा वर्षांचा होता. एवढी वर्षं चारशे माणसांना जागं ठेवून खाऊ घालणं कुठल्याच यानाला परवडलं नसतं, आणि सलग अठरा वर्षं झोपणं कुठल्याच शरीराला झेपलं नसतं. म्हणून प्रत्येकाला एक फेरा नेमून दिलेला होता. फेरा पुरा झाला की कुपी उघडायची, माणसाने एक दिवस जागायचं, हातपाय हलवायचे, आपल्या वाटणीचं काम करायचं आणि पुन्हा झोपायचं. कुणाचा फेरा किती दिवसांचा, हे त्याच्या प्रकृतीवर ठरे. सुगंधाची प्रकृती ठणठणीत. तिचा फेरा चौऱ्याऐंशी दिवसांचा. तिचा नवरा विश्राम, पाणीविभागातला नळकाम करणारा, त्याचं हृदय जरा नाजूक. त्याला दर साठाव्या दिवशी उठवावं लागे.

निघण्यापूर्वी निद्राविभागातल्या कारकुनाने दोघांना समोर बसवून हिशेब सांगितला होता. "साठ आणि चौऱ्याऐंशीचा लसावि चारशे वीस. म्हणजे दर चारशे वीस दिवसांनी तुमची भेट! सहावीला नव्हतं का, दोन घंटांचं गणित?"

होतं की. दोन घंटा एकदम वाजल्या, एक दर इतक्या मिनिटांनी वाजते, दुसरी तितक्या, तर पुन्हा एकदम केव्हा वाजतील? सुगंधाने ते गणित शाळेत शंभरदा सोडवलं होतं. विश्रामनेही. दोघांनी माना डोलावल्या. सव्वा वर्षाने का होईना, एक अख्खा दिवस आपला, यावर दोघं खूश झाली. गणिताच्या सुरुवातीला 'एकदम वाजल्या' असं म्हटलेलं असतं, तिकडे त्या कारकुनाचंही लक्ष गेलं नाही आणि यांचंही नाही.

कारण ही दोघं एकदम झोपलीच नव्हती. विश्रामची तुकडी उड्डाणाच्याच दिवशी झोपली. सुगंधा वाफेघरात, म्हणजे यानातल्या भाजीपाल्याच्या दालनात होती. वाफे लावून देण्यासाठी तिची तुकडी आठवडाभर जागी राहिली आणि सातव्या दिवशी झोपली.

त्या सात दिवसांची किंमत तिला कळली ती पाचव्या जागदिवशी. ठेवणीतलं पोलकं घालून ती भोजनकक्षात गेली, पाहते तर विश्रामचा पत्ता नाही. वाफेघरातल्या एका ताटलीत तो प्रत्येक जागदिवशी तिच्यासाठी नव्याने मेथी पेरून जाई; त्या ताटलीत नुकती दोन-दोन पानं फुटली होती आणि शेजारी निरोपयंत्रातून छापून काढलेलं पत्र होतं: 'दिवसभर वाट पाहिली. भात निवला. तुझ्या वाटणीचाही मीच खाल्ला, आता बोंबल.'

तेव्हा तिची समजूत काढायला बसले होते ते पथनिर्देशक हिंदुराव चौगुले. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, कोल्हापूरकडचा. त्यांचा फेरा एकवीस दिवसांचा, आणि तेही सातव्याच दिवशी झोपलेले. एकवीस हा चौऱ्याऐंशीचा विभाजक, म्हणून सुगंधा जेव्हा जेव्हा उठे तेव्हा तेव्हा चौगुलेकाका जागेच असत.

"पाटी घे," ते म्हणाले होते. "साठचे विभाजक लिही बघू."

तिने नाक ओढत लिहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस, साठ.

"आता चौऱ्याऐंशीचे."

एक, दोन, तीन, चार, सहा, सात, बारा, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस, चौऱ्याऐंशी.

"दोन्हीकडं आहेत त्यातला सगळ्यात मोठा कुठला?"

"बारा."

"हां. हा तुमचा मसावि. तुझा नवरा शून्यापासनं निघाला आणि साठ-साठची ढांग टाकतोय. साठ म्हणजे बाराच्या पाच जुड्या. म्हंजे तो जागा होणार त्या दिवसाला बाराने पुरता भाग जाणार. तू सातापासनं निघालीस. तुझी ढांग बाराच्या सात जुड्यांची. तू कितीही ढांगा टाक, बाराने भागलंस की बाकी सातच उरणार. त्याची बाकी शून्य, तुझी सात. आता सांग, एकच दिवस दोघांना कसा मिळणार?"

"म्हणजे चारशे वीस दिवसांनीही नाही?"

"चार लाख वीस हजार दिवसांनीही नाही, पोरी. भेट किती किती दिवसांनी होणार ते लसावि सांगतो. मुळात होणार का, ते मसावि सांगतो. त्या कारकुनाला कान धरून उठाबशा काढायला लावाव्यात अशी माझी फार इच्छा आहे, पण तो राहिला पृथ्वीवर."

ती रडली, आणि मग, स्वभावच तसा असल्यामुळे, तिने पाटी पुन्हा ओढली. सात आणि पाच बारा. पाच दिवस जास्त जागलं तर? झोप कमीजास्त करता येत नव्हती, पण जागरण वाढवता येत होतं. यानाच्या नियमावलीत तशी सवलत होती: प्रत्येकाला प्रवासात एकदाच, जास्तीत जास्त पाच दिवस. मात्र वीस जागदिवस पुरे झाल्यावर. त्याआधी शरीर तो ताण सोसत नाही. विश्रामला हृदयामुळे ही सवलत नव्हतीच. जे करायचं ते हिनेच करायचं होतं.

तेव्हापासून ती मनाने या एका दिवसाकडे चालत होती. तिच्या हिशेबी मधले पंधराच दिवस गेले होते, पण त्यातल्या एकेका दिवसाला चौऱ्याऐंशी दिवसांचं ओझं होतं. विश्रामला तिने लगेच पत्राने कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं: 'उशिरा का होईना, बायकोला बेरीज आली.'

*

"आज अर्ज देतेय मी, काका," तोंडसुद्धा न पुसता ती म्हणाली.

चौगुलेकाकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "आजच पायजे का?"

"म्हणजे?"

"अजून पाच फेरे थांबलीस तर बरं. शरीराला झेपलं पायजे. घाई काय आहे?"

सुगंधा त्यांच्याकडे पाहतच राहिली. हेच काका गेल्या जागदिवशी तिच्याबरोबर बोटांवर दिवस मोजत होते. माणूस थकलाय, तिला वाटलं. यांना कागदावर मांडून दाखवलं की पटेल. त्यांना आकड्यांशिवाय काही पटत नाही.

ती वाफेघरात गेली. मेथीच्या ताटलीजवळ पत्र होतं. 'सुगंधा, तू दमत जाऊ नकोस. पाठीला शेक घेतेस ना?' आताशा विश्राम असंच लिहायचा. पूर्वीचा टवाळपणा कमी झाला होता, विचारपूस वाढली होती. वय झालं की पुरुष मऊ होतात, असं तिने मनात म्हणून ठेवलं होतं आणि ते तिला आवडलंही होतं.

मेथी चांगली वीतभर वाढली होती. ती खुडायला सुगंधा वाकली आणि तशीच थांबली.

आज विसावा जागदिवस. पाचवा, दहावा, पंधरावा, विसावा हे त्यांचे चुकामुकीचे दिवस. त्या दिवशी विश्राम अवघ्या सात दिवसांपूर्वी येऊन गेलेला असतो. सात दिवसांची मेथी वीतभर नसते.

वाफेघरात काम करणाऱ्यांना एक सवय असते. प्रत्येक ताटलीच्या बुडाशी वयदर्शक बसवलेला असतो. माती पहिल्यांदा भिजली की तो चालू होतो आणि पेरणीला किती दिवस झाले ते दाखवतो. बाहेरच्या माणसाला तो दिसतही नाही. ताटली उचलून खाली वाकून बघावं लागतं. सुगंधा आल्या आल्या सगळ्या ताटल्यांचे आकडे वहीत उतरवून घ्यायची. मेथीचाही घ्यायची. उतरवायची, पान उलटायची, कधी वाचायची नाही.

तिने ताटली उचलली. एकवीस.

तिने वही काढली आणि मेथीच्या ओळीवरून पहिल्यांदा बोट फिरवलं. ३१, ५५, १९, ४३, ७. पुन्हा ३१, ५५, १९, ४३, ७. मग ३१, ५५. यातल्या कुठल्याही आकड्याला बाराने भागलं तर बाकी सातच. चौगुलेकाकांनी शिकवलं होतं तसंच. विश्रामचा दिवस आणि तिचा दिवस यांच्यात दुसरं अंतर पडूच शकत नव्हतं.

तेरावा आकडा २१ होता. बाकी नऊ. चौदावा ४२, बाकी सहा. पुढे २१, ४२, ६३, २१, ४२, आणि आजचा २१. एकाचीही बाकी सात नाही.

ही मेथी विश्रामने पेरलेली नव्हती. आज नाही, आणि मागच्या सात जागदिवसांत कधीच नाही.

मग कुणी पेरली? तिने पाटी घेतली. एकवीस, बेचाळीस, त्रेसष्ट. तिघांचे विभाजक लिहायचीही गरज नव्हती. मसावि एकवीस. पेरणारा माणूस तिच्या दिवसापासून नेहमी एकविसाच्या पटीत दूर असतो. एकवीस दिवसांचा फेरा असलेला, तिच्याच दिवशी झोपलेला माणूस.

*

चौगुलेकाका पथकक्षात आकाशाच्या नकाशासमोर बसले होते. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पाटीही ठेवली.

त्यांनी आकडे वाचले. हा माणूस आकड्यांपुढे खोटं बोलू शकत नव्हता. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"ताटलीच्या बुडाला घड्याळ असतंय, हे मला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले.

"केव्हा?"

"एक हजार विसाव्या दिवशी कुपी उघडली. हृदय चालू झालं नाही. त्यांना काही कळलं नसेल, सुगंधा. झोपेतच होते."

ती खाली बसली. काका उठून पाणी घेऊन आले आणि पेला हातात धरूनच उभे राहिले, कारण ती तो घेत नव्हती.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. आठ वेळा भेटलात. समोर बसून जेवलात."

"शोकनियम आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "घरच्या माणसाला वाटेत कळवायचं नाही. आधीच्या यानांवर कळवलं होतं. माणसाने सकाळी ऐकायचं आणि संध्याकाळी कुपीत जाऊन झोपायचं. तशी झोपलेली निम्मी माणसं उठलीच नाहीत. दुःख अंगातनं उतरायला दिवस लागतात, आणि आपल्याकडं एकच दिवस असतो. म्हणून यान उतरल्यावरच सांगायचं, तोवर पत्रं चालू ठेवायची. ते काम पथनिर्देशकाकडं."

"माझी पत्रं तुम्ही वाचलीत?"

"वाचली." त्यांची मान खाली गेली. "वाचल्याशिवाय उत्तर कसं देणार? त्यांचं जुनं एकेक पत्र वाचून तसं लिहायला बघायचो. ती गंमत काय मला जमली नाही. मी त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही, पोरी. साठ आणि एकवीसचा मसावि तीन, आणि साताला तीनने भाग जात नाही. त्यांचा आवाज कसा होता तेही मला ठाऊक नाही."

सुगंधाला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. मग ती रडायला लागली. काका शेजारी जमिनीवर बसले.

रडणं ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. "अर्ज द्या इकडे," ती म्हणाली.

"कसला?"

"पाच दिवसांचा."

"आता कशाला? आता तुला कोण…" त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"एका दिवसात झोपावं लागतं म्हणून सांगायचं नाही, हाच नियम ना? मला आता कळलंय. आज संध्याकाळी झोपले तर मी उठेनच असं नाही. मला पाच दिवस मिळतायत. ते त्याच्यासाठीच साठवले होते, त्याच्यासाठीच जाऊ देत."

चौगुलेकाकांनी अर्ज काढला. सही करण्यापूर्वी त्यांनी सवयीने पाटीवर काहीतरी मांडलं आणि ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

"तुझे दिवस पाचाने सरकतील," ते म्हणाले. "माझे इथंच राहतील. माझा फेरा मार्गाच्या गणिताला बांधलेला आहे. मला सवलत नाही. तुझा-माझा मसावि एकवीस."

"ठाऊक आहे."

"पाचाला एकवीसने भाग जात नाही."

"तेही ठाऊक आहे, काका. वही घेऊन इकडे येतानाच भागून पाहिलं."

म्हणजे आज संध्याकाळी काका झोपले की यान उतरेपर्यंत दोघांची भेट नाही. अजून तेरा वर्षं. प्रत्येक जागदिवशी चहाचा पेला पुढे करणारं हे एकच माणूस तिला होतं, आणि मघाशी 'अजून पाच फेरे थांब' म्हणताना त्यांच्या आवाजात काय होतं, ते तिला आत्ता उमगलं. नुसता नियम नव्हता तो. तिलाही आतून तुटल्यासारखं झालं, पण तिने अर्ज मागे घेतला नाही.

काकांनी सही केली. सही वाकडी आली.

"पत्र लिहीत जा मला," ती म्हणाली. "तुमच्या नावाने. गंमत जमली नाही तरी चालेल."

*

ते पाच दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती वाफ्यांत पाणी घालत फिरली, बारा खरी पत्रं आणि आठ खोटी पत्रं वेगवेगळी बांधली, मग सोडली आणि पुन्हा एकत्र ठेवली. पाचव्या दिवशी तिला भूक लागली, आणि भूक लागल्याची लाज वाटली. मग ती झोपली.

१७७६व्या दिवशी ती उठली तेव्हा भोजनकक्षात सगळे अनोळखी होते. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. चौगुलेकाकांचं पत्र आलेलं होतं. त्यात हवामानासारखं काहीच नसलेल्या पोकळीबद्दल अर्धं पान होतं आणि शेवटी 'जेवत जा' असं होतं.

त्यापुढचा तिचा दिवस १८६०. कुपीतच पडल्या पडल्या तिने भाग देऊन पाहिला. बाराने जातो. साठनेही जातो. ठरलं होतं तसं सगळं झालं असतं तर आजच विश्राम भेटला असता. हे तिला पाच दिवस जागण्याआधीही माहीत होतं. तिला निदान त्याच्या दिवसाचा उजेड पाहायचा होता, एवढंच. बाकी कशाचीच आशा नव्हती. ती सावकाश उठली आणि ठेवणीतलं पोलकं घालून भोजनकक्षात गेली.

दारातच ती थबकली. लांब टेबलाभोवती अकरा माणसं बसली होती. समोर ताटं वाढलेली, पण कुणी जेवत नव्हतं. सगळे दाराकडेच बघत होते.

पाणीविभागाचा निळा अंगरखा घातलेली एक उंच बाई उठून पुढे आली. "सुगंधावहिनी ना? मी रुक्साना मुल्ला. विश्रामभाऊंच्या हाताखाली होते."

ज्या दिवसावर आज आपण येऊन पोहोचलो, त्या दिवशी विश्राम एकटाच उठत नव्हता. उड्डाणाच्या दिवशी झोपलेली, साठ दिवसांच्या फेऱ्याची त्याची अख्खी तुकडी उठत होती, ही साधी गोष्ट तिच्या कुठल्याच गणितात आली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं मी येणार?"

"भाऊंनी भिंतीवर लिहून ठेवलंय," रुक्साना म्हणाली. "पंपाच्या शेजारी. तुमचे वीस दिवस, मग पाच, मग दोन फेरे, सगळी मांडणी करून खाली १८६० ला गोल केलाय. शेवटच्या खेपेला छातीत दुखत होतं त्यांच्या. म्हणाले, मी असेन-नसेन, त्या दिवशी ती येणार. हिशेब माझा आहे, चुकायचा नाही. ती आल्याशिवाय जेवायला बसू नका. नऊशे दिवस झाले, वहिनी. आम्ही प्रत्येक खेपेला तो आकडा बघतोय."

मागून कुणीतरी खुर्ची सरकवली. सुगंधा बसली. तिच्या ताटात गरम भात होता आणि कुणी त्याला हात लावला नव्हता.

"त्याचा आवाज कसा होता हो इथे?" तिने विचारलं. "यानात आल्यावर मी तो कधी ऐकलाच नाही."

टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे पाहून हसली. एकाने डोळे पुसले. रुक्साना तिच्या शेजारी येऊन बसली.

"तुम्ही आधी जेवायला लागा," ती म्हणाली. "ते इथे सोळा दिवस आमच्यात होते. सोळाही सांगायचेत, आणि आपल्याकडे आजचा एकच आहे."